मक्याचं तेल

टॅमरॅक तळ्याकाठी, व्हर्नर हापालाच्या हिरवळीवर
पहाटे बावीस हंस.
मोती टिपणारे नव्हेत, दूध-पाणी निवडणारे नव्हेत;
काळ्या मानेचे, दाढ दुखत असल्यासारखं
हनुवटीखालून पांढरं फडकं बांधलेले,
गवत खाणारे, आणि दर पाच-सात मिनिटांनी
खाल्ल्याची पावती देणारे.

प्लॅस्टिकचं घुबड बसवलं. नव्याचे नऊ दिवस.
दहाव्या दिवशी एक हंस त्याच्या सावलीत झोपला.
चंदेरी फिती ताणल्या. पत्र्याचा कोल्हा उभा केला.
द्राक्षाच्या वासाचं औषध फवारलं:
महिनाभर वास आला तो व्हर्नरच्या बुटांना.
जोसेटचा कुत्रा उसना आणला; तो त्यांच्यामागे
तळ्यात शिरला, आणि कुत्र्यालाच आणायला
होडी काढावी लागली.

"काठाशी गवत वाढू दे," जोसेट म्हणाली, "गुडघाभर.
आत कोण दबा धरून बसलंय ते दिसलं नाही,
की पाऊल टाकत नाहीत ते."
एकेचाळीस वर्षं दर शनिवारी कापलेलं गवत.
व्हर्नर काही बोलला नाही.
मशिनची पाती काढून कानस मारत बसला.

एप्रिलमध्ये तळ्याच्या समितीचा पोरगा आला, टोबायस.
खिशात परवाना, हातात बादली, छत्री,
मक्याच्या तेलाची बाटली.
छत्री मादीला अडवायला. ती व्हर्नरने धरली.
अंडं पाण्यात सोडायचं. बुडालं तर अजून वेळ आहे.
तरंगलं तर आत कुणीतरी आहे,
तसंच परत ठेवायचं.
सहाही बुडाली.
टोबायसने एकेक पुसलं, तेल चोळलं,
तळहातावर फिरवत, हलक्या हाताने,
जणू टाळू भरतोय,
आणि लव्हाळ्यात ठेवली होती तशी.
"फोडली तर दुसरी घालते," तो म्हणाला.
"अशी ठेवली की बसून राहते."

छत्रीच्या कापडावरचे चोचीचे टोले
रात्री व्हर्नरच्या मनगटात होते.

मे सरला. इतरांची पिवळी पिल्लं
पलीकडच्या काठाने रांगेत निघून गेली.
ही बसलेली.
अठ्ठावीस दिवसांचे चाळीस झाले. पन्नास.
नर थोडा दूर, मान उंच करून,
कशाची तरी राखण करत.
हिरवळ स्वच्छ होती, अनवाणी चालण्याइतकी.
कुणी चाललं नाही.

जूनमधल्या एका शनिवारी मशिन सुरू झालं
आणि काठाच्या दहा पावलं अलीकडे वळलं.
पुढच्या शनिवारीही तिथेच वळलं.
जोसेट कुंपणावर ओठंगली:
"ऐकलंस म्हणायचं शेवटी."

"पाती बोथट झालीत," व्हर्नर म्हणाला.

गवत पोटरीला लागलं, मग गुडघ्याला.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता
लव्हाळं दिसत नाही.