दहा वर्षं आणि अकरा दिवस

ओल मोजायचं यंत्र मी भिंतीला टेकवतो,
ते लगेच केकाटू लागतं.
"बरं झालं," स्वाझिक म्हणते,
"आता कुणी म्हणणार नाही की मलाच भास होतात."

समुद्र इथून दोन शेतं पलीकडे.
ब्रिटनीचा वारा घरात शिरतो तो मीठ घेऊनच.
उत्तरेच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यातून
चीर तिरपी उतरलीय, करंगळी जाईल एवढी.
कपाट सरकवलं तर मागे पोपडे, बुरशी,
आणि पेन्सिलीने तारखा:
ओल कुठवर आली, केव्हा आली.
सगळ्यात जुनी, घराच्या सहाव्या वर्षातली.

केसाएवढी चीर फ्रान्सचा कायदा मोजत नाही,
ती नुसती दिसते.
आरपार गेली, पाणी आत आलं,
घर राहण्याजोगं उरलं नाही, की तो दोष.
मग दहा वर्षं जबाबदारी बांधणाऱ्याच्या मानेवर,
त्याची चूक कुणी दाखवून दिली नाही तरी.
ही आरपार आहे. मी तसं लिहून घेतो.

"पत्रंही आहेत."
बिस्किटांच्या डब्यात सात प्रती,
रजिस्टर टपालाच्या पावत्या टाचणीने लावलेल्या.
प्रत्येकीच्या माथ्यावर: प्रिय गुल्वेन.
चौथीत त्याच्या गुडघ्याची चौकशी.
सहावीत: तुझ्या सवडीने ये, घाई नाही.

तो आलाही दोनदा.
चिरेत काहीतरी भरलं, कॉफी घेतली,
त्याच्या बापाने हिच्या बापाची होडी सांधली होती
ती गोष्ट पुन्हा सांगितली.

कसं सांगू हिला?
पत्रांनी मुदत थांबत नाही.
कॉफीने नाही, भरलेल्या चिरेनेही नाही.
थांबते ती कोर्टाच्या समन्सने,
आणि त्यावर प्रिय लिहायला जागा नसते.

घर ताब्यात घेतल्याचा कागद मी परत वाचतो.
खाली दोघांच्या सह्या. तिची वर चढत गेलेली,
आनंदात हात जातो तशी.
चौदा मार्च.
आज पंचवीस.

"म्हणजे अकरा दिवसांपूर्वी," ती म्हणते, "भिंत हीच होती."
"हीच."
"चीर?"
"तीही हीच."

ती कपाटामागे वाकते,
कानामागची पेन्सिल काढते,
ओलीच्या कडेला आजची तारीख घालते.
यंत्र अजून केकाटतंय.
बंद करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.