पगार

शनिवारी वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
बायका पगाराच्या खिडकीशी उभ्या होत्या.
तेरा दिवस उशीर झाला होता.
शेठ म्हणे मंगळूरला गेलाय. भट्टी गार.
मी वजनकाट्यावरचा पोर,
फुटकी पाकळी आणि अख्खा गर वेगळा करत होतो.

खिडकीत इनास फर्नांडिस, आमचा कारकून.
तरुणपणी पाद्री व्हायला गेला,
तीन वर्षं लॅटिन घोकून परत आला,
एवढंच गावाला माहीत.
कपाटाची चावी त्याच्याकडे. कपाट रिकामं.

वेळ काढायला तो म्हणाला,
"पगार हो आपलो शब्द न्हय, बायांनो."
पोर्तुगीजांनी तो गलबतातून उतरवला,
काजूच्या बीसोबत, या चावीसोबत.
इटलीत तो पागारे, फ्रान्सात पेये,
इंग्रजांनी झिजवून झिजवून नुसता पे ठेवला.
सगळ्यांचं मूळ लॅटिनात, पाकारे:
शांत करणे.
पाक्स म्हणजे शांती, मिसेत मागतात ती.
ज्याचं देणं लागतो त्याचा जीव शांत करायचा,
तो पगार.

कोणी बोललं नाही.
खाडीतून एक होडी फटफट करत गेली.

मग द्रुपदी मांजरेकर खिडकीत वाकली:
"मगे इनासबाब, माजी शांती खंय रवली?"

सगळ्या हसल्या. इनासही हसला,
मग चष्मा काढून पुसत बसला,
काच स्वच्छ झाल्यावरही.

त्याने अर्धंच सांगितलं होतं.
उरलेलं मला सांगितलं संध्याकाळी, कुलूप लावताना:
रोमन फौजा मुलूख जिंकायच्या,
उठलेली गावं गप्प करायच्या,
त्यालाही हाच शब्द.
"तां त्यांका कित्याक सांगू," म्हणाला,
आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

पैसे बुधवारी आले. निम्मे.
द्रुपदीने थुंकी लावून मोजले, पुन्हा मोजले.
वहीवर अंगठा उठवला तर
नुसता निळा गोळा. रेघ एकही नाही.
काजूच्या चिकाने त्या कधीच खाल्ल्या होत्या.
इनासने गोळ्यापुढे तिचं नाव लिहिलं,
पुढच्या रकान्यात: पगार पावला.

ती वाचता येत नसलेल्या अक्षरांकडे बघत राहिली.
"अर्दी," म्हणाली,
आणि नोटा चोळीत खोचून
उन्हात निघून गेली.