पिशवी आत नेता येत नाही

खापरीला मेट्रो सोडली, पुढे ऑटोत सात जण,
निमजेच्या मांडीवर अर्धा मी,
माझ्या मांडीवर कुणाचा तरी झेंडा.
सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.
कॉटन मार्केटात तर्री-पोह्याच्या गाडीपाशी म्हणालो होतो,
"उपास आहे."
"आज कायचा बे उपास?"
"नवस आहे."
दोन वर्षांत इतके नवस बोललो
की टेकडीच्या गणपतीलाही संशय आला असावा.

गेटवर पाटी : बाटली, नाणी, पॉवर बँक, पिशवी
आत नेता येणार नाही.
शिपायाचा हात खांद्यावरून उतरला, बगल, कंबर,
आणि उजवीकडे, बेंबीच्या जरा खाली, थांबला.
पुन्हा दाबून पाहिलं त्याने. कोमट होतं ते.
"काय आहे हे?"
मागे रांगेत शंभरेक निळे शर्ट.
डॉक्टरांनी एक कार्ड दिलंय अशा वेळेसाठी,
ते पाकिटात, पाकीट मागच्या खिशात, हात वर.
मी म्हणालो, "मीच आहे."
काय बोललो ते त्याला कळलं नाही. मलाही.
त्याने तळवा पँटला पुसला
आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "जा."

तेराव्या षटकात त्यांचा डावखुरा बोलर
पोट धरून पंचाशी काहीतरी बोलला
आणि पॅव्हेलियनकडे पळत सुटला.
अख्ख्या स्टँडला कळलं.
"सावजी झेपलं नाही बे!"
"टमरेल द्या रे त्याले, टमरेल!"
हसू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून आलं
आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.
खुर्चीवर चढून ओरडलो मी.
जो ओरडतो त्याच्याकडे कुणी बघत नाही,
हे मोतीबागच्या शाळेतच शिकलेलो,
एका बोबड्या पोराला चिडवताना.

निमजे ओरडला नाही.
एरवी पंचाच्या आईपर्यंत जाणारा माणूस
तिकिटाच्या अर्ध्या तुकड्याची सुरळी करत बसला.

मग रिव्ह्यू.
चाळीस हजार माणसं मोठ्या पडद्याकडे बघत गप्प,
आणि त्या शांततेत माझं पोट बोललं.
लांबलचक, ओलं,
माठ उपडा करताना बोलतो तसं.
पुढच्या खुर्चीतली पोरगी वळली, गालावर तिरंगा.
निमजे म्हणाला, "माफ करजा ताई, माह्यं आहे."
मग माझ्याकडे न बघता, "चाल."

संडासाला कडी नव्हती.
तो बाहेरून दार ओढून धरून उभा,
मी आत उकिडवा, शर्टाचं टोक दातांत, क्लिप उघडलेली.
"झोपून राह्यला का बे आत?" रांग म्हणते.
"थांब नं बावा, माणूस आहे."
आणि मग फटीतून मला धावफलक.
तिथून मैदान दिसत नाही,
तो नुसत्या आरोळीवरून सांगत होता :
"हा चौका असन."
"हे काहीच नाही."
"गेला वाटते कोणीतरी."
मी पाणी ओतलं, पुसलं, क्लिप लावली,
दोनदा ओढून पाहिली.
"कव्हापासून माहीत होतं तुले?"
"काय?" तो म्हणाला.
बाहेर कुणी ओरडलं नाही बराच वेळ.
"वाइड असन," तो म्हणाला.

परत आलो तर तो डावखुरा सीमारेषेवर,
नेमका आमच्याच स्टँडपुढे.
लोक पुन्हा सुरू झाले, टमरेल, लोटा, काय काय.
त्याने मागे वळून पाहिलं नाही, मान तेवढी लाल.
मी ओरडलो नाही.
टाळीही वाजवली नाही, उगाच कशाला सांगू.
हात ओले होते,
पुसायला काही नव्हतं.