करडी

ओपल हेन्ड्रिक्स आज पुन्हा आली.
गराजच्या दारात बूट आपटून बर्फ झाडला
आणि माझ्या कॉफीच्या कपाशेजारी वही ठेवली,
आडव्या रेघांची, शाळकरी,
तीन रकाने आखलेले, पट्टी न घेता.
"कॅझ, यातली कुठली?"

अठ्ठावन्न वर्षांत तिने नवी गाडी घेतलेली नाही.
पहिली भावाची उतरलेली,
दुसरी नवऱ्याची,
तिसरी त्याच नवऱ्याच्या वकिलाच्या तावडीतून सुटलेली.
तीच ती, बाहेर उभी आहे,
दोन लाख अठरा हजार मैल,
क्लचच्या बाजूला एक भोक,
त्यातून ओपलला रस्ता पळताना दिसतो.

एरीचा हिवाळा रस्त्यावर पडून राहत नाही,
गाडीखाली शिरतो.
सरोवर बर्फ देतं, नगरपालिका मीठ देते,
पुढचं सगळं गंज बिनबोभाट करतो.

वही वाचली.
किंमत. हप्ता. मैलाला किती पेट्रोल.
आणि प्रत्येक रकान्याच्या तळाशी एकच प्रश्न:
आईचा वॉकर?
मोजपट्टी घेऊन गेली होती म्हणे शोरूममध्ये,
डिकीत अर्धी वाकून माप घेतलं.
टायवाला पोरगा तोवर सनरूफचं कौतुक सांगत होता.
"बाळा," ती त्याला म्हणाली,
"माझी ड्यूटी रात्री अकराला सुटते.
त्या छतातून बघू काय?"

लाल गाडी तिच्या मनात भरलेली. कळत होतं.
'लाल' खाली दोन रेघा ओढलेल्या,
मग रेघा खोडलेल्या, शब्द मात्र नाही.
त्या लालचा गिअरबॉक्स मी ओळखून आहे.
साठ हजार मैल गोड वागतो, मग रुसतो,
आणि रुसला की माझ्याच दारात येतो.
मधली ऐसपैस आहे,
पण तिचे टायर असे की एक फुटला
तर महिन्याचा किराणा पंक्चर.
राहिली करडी.
मागच्या वर्षाची, न खपलेली, म्हणून दोन हजार कमी.
चेहरा असा की पार्किंगमध्ये आपलीच आपल्याला सापडू नये.
इंजिन साधं, वळणाचं.
तिच्या जातीच्या गाड्या माझ्याकडे तेल बदलायला येतात,
वर्षातून दोनदा, वीस मिनिटं.

घोडं पेंड खातं ते इथे.

एकोणीस वर्षं ओपल येते आहे.
अल्टरनेटर, सायलेन्सर, तोच तो डावा बेअरिंग.
काम चालू असताना त्या फाटक्या खुर्चीत बसते,
वॉर्डातलं सांगते, कोण घरी गेलं, कोण नाही गेलं,
आणि माझा रेडिओ न विचारता बारीक करते.
एका डिसेंबरात तिचा वॉटर पंप आठवडाभर मिळाला नाही.
मिळाला होता.
मी फोन उशिरा केला.

पेन घेतलं. करड्या रकान्याला गोल केला.
"ही घे. डबा आहे.
पण किल्ली फिरवलीस की सुरू होईल,
उणे पंधराला सुद्धा.
गाडी आहे हेच विसरून जाशील."
"आणि गंज?"
"खालून मी तेलाचा हात मारून देईन. दर ऑक्टोबरात."
"त्याचे किती?"
"बघू."

वही तिने लगेच मिटली नाही.
"लाल घेतली तर काय होईल?"
"भेटी होत राहतील," मी म्हणालो.
ती हसली. विनोदालाच हसली असावी.

बाहेर जुनी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली,
खोकली, थोडा धूर सोडला,
आणि वळणावर डावा बेअरिंग कुरकुरला.
बदलायला झालाय. बोललो नाही.
कशाला आता.

आज फेब्रुवारीची नऊ.
बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं.
आठ महिने.