दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय

कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात एक ओळ आहे,
एकोणीस वर्षं मी ती टाइप करतोय:
जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं, किंवा मोडकं हत्यार,
जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही
दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय,
ते खुशाल भिंतीवर टांगा.

नुसतं म्हातारं असून भागत नाही.
दस्त्यावर पितळी मोर, नळीवर झिजलेली फारसी अक्षरं,
त्याचं मोल सराफ्यात.
आमच्या टेबलावर प्रश्न एकच: उडेल का?

ग्वाल्हेरात हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही.
सोयरीक जुळवताना इथे जमिनीच्या मागोमाग लायसन विचारतात.
शस्त्र शाखेची रांग जिन्याखाली उतरते,
आणि त्या रांगेत वेणूताई मोहरीर एकट्याच,
ज्यांना लायसन नको होतं.

सतरंजीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक,
सुतळीने तीन जागी बांधलेली.
जनकगंज ठाण्याचं पत्र. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला,
चार झेरॉक्स, चारही साक्षांकित.
"शोभेची आहे हो. शोकेसवर असते, घड्याळाशेजारी.
तेवढं लिहून द्या."

लिहून मी देत नाही. देतो तोमर,
पोलीस लाइनीतला आर्मोरर, मुरैन्याचा, कमी बोलणारा.
त्याने गज घातला. गज मध्येच अडला.
बाईंचा चेहरा उजळला.
उलटी करून आपटली, तर माझ्या जावक रजिस्टरावर
मातीचं मडकं पडलं, करंगळीच्या पेराएवढं:
कुंभारमाशीचं घर.
मग नळीला तोंड लावून त्याने फुंकर घातली.
बंदुकीलाही कान असतो, बत्ती तिथे देतात;
त्या कानाशी धरलेलं माझं बोट गार झालं.
"जान है इसमें," तोमर म्हणाला,
बाजारात बैलाचे दात पाहून म्हणावं तसं.
घोडा ओढला. थांबला, सुटला, वाजला.
"तेल कौन डालता था?"

"हे घालायचे. दर दसऱ्याला, तिळाचं,
माझ्याकडून वाटीत मागून घेऊन.
मिल बंद पडली, पैसे अडकले, तेल नाही चुकलं.
या वर्षीचा दसरा तेवढा राहिला.
उडवली नाही हो कधी. चिमणीवरसुद्धा."

आता त्यांना कसं सांगायचं,
की गंजली असती तर घरी नेता आली असती,
की हेळसांडीला आमच्याकडे सूट आहे
आणि निगराणीला नाही.
सांगितलं. कार्यालयीन भाषेत सांगितलं,
तिच्यात ते सोपं जातं.

उपाय होता. तोमरने ड्रिल दाखवलं:
नळीला आरपार भोक, कानात वेल्डिंगचा थेंब,
अर्ध्या तासात शिक्का मिळाला असता.
पूर्वी मैदान सोडताना तोफांच्या कानात खिळे ठोकायचे,
शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून.
इथे शत्रू कोण, ते फाइलीत नव्हतं.

बाईंनी पाणी मागितलं. पूर्ण पेला प्यायल्या.
"एका वर्षात दुसरा दाखला नको," म्हणाल्या.
"जिवंतच लिहा. फॉर्म कुठला, तो द्या."
वय एक्क्याऐंशी. अक्षर शाळेतल्यासारखं.
हत्याराचा हेतू, हा रकाना त्यांनी कोरा ठेवला.
मीही राहू दिला. नियमात बसत नाही ते.
बंदूक मालखान्यात गेली, सतरंजी त्यांनी परत नेली.

संध्याकाळी टेबल पुसताना मडकं फुटलं.
आत पाच हिरव्या अळ्या.
कुंभारमाशी अळीला मारत नाही म्हणतात,
डंख करून नुसती निजवते,
पिल्लाला ताजी मिळावी म्हणून.
टाचणीच्या टोकाने मी एकीला शिवलो.
हलली. किंवा मला तसं वाटलं.
तोमर अजून जिन्यातच होता.
त्याला हाक मारून वर बोलवावं, असं फार वाटलं.