कुणाचा रे तू

पोलान्कोत तिसऱ्या मजल्यावर
दोन महिने आधी नोंदवलेलं टेबल.
एउफ्रोसिना खुर्चीच्या कडेला टेकलीय,
पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखी.

वेटर मक्याचं कूळ सांगतो:
निळा, उतारावरचा, अमुक खोऱ्यातला,
समुद्रसपाटीपासून इतके मीटर.
खोऱ्याचं नाव ऐकून ती लेकीकडे बघते.
नायेली मेन्यूकार्डात.

मग मोले. एवढ्या थोरल्या पांढऱ्या ताटलीत
काळा, टपालाच्या शिक्क्याएवढा.
ती बोटानंच चाटते.
"तीळ घाईनं भाजलेत."
दोन घास पोटात गेल्यावर:
"वाटलंय मात्र पाट्यावर."

फडक्यात तीन टॉर्टिया.
एक ती दिव्याकडे धरून बघते,
पापुद्रा सुटलाय,
चुन्याची निवळीही बेताची.
उरलेल्या दोन
इस्त्रीच्या नॅपकिनात गुंडाळून
पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी.
"आई!"
नायेलीचा आवाज काट्याच्या टोकाएवढा.

वेटरनं पाहिलंय.
आत जातो. येतो तेव्हा
हातात दुसरं फडकं, वाफाळतं.
"ह्यांचे पैसे नाहीत."

"कुणाचा रे तू?"
तो आधी आईचं नाव सांगतो,
मग गावाचं,
या खेपेला
मीटर न सांगता.