उजवा कोपरा

डबा साडेपाच हजारांचा,
नांदेडच्या कुठल्याशा बँकेनं काढून टाकलेला,
बाजूला अजून तिचं स्टिकर, नखानं अर्धं खरवडलेलं.
आत शिरायला मात्र दार नाही.
दाराची किंमत विचारली
तर मुदस्सिरनं आकडा तोंडानं सांगितला नाही,
कॅल्क्युलेटरवर दाबून माझ्याकडं वळवला.
मी म्हणलं, बाबा, एवढ्यात दुसरा डबा येतो.
तो हसला. "अस्सल कौन लेता ताई, वसमत में?
दो सौ देव, डाल देतूं."

टाकलं.
दीड वर्ष त्यावर मोंढ्याच्या पट्ट्या काढल्या:
कांडी, गट्टू, हमाली, तोलाई, बारदान वजा.
कीबोर्डवरचा र हळदीनं पिवळा पडला.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात
फिकट अक्षरांत तीच ती ओळ,
विंडोज ॲक्टिव्हेट करा.
पोलीस नाही, नोटीस नाही.
उधारी थकलेल्याला दुकानदारानं
नुसतं बघून "बसा" म्हणावं, तेवढंच.
गिऱ्हाईक समोर बसलं की
मी त्या कोपऱ्यापुढं पाण्याची बाटली ठेवायची.
आणि मग त्याच्या वजनात अर्धा किलो कमी निघाला
तर अडत्याला फोन लावून भांडायची.

सटवाजी हमालाचा धाकटा प्रज्ञाशील
हिंगोलीला पॉलिटेक्निकला असतो.
उन्हातून आला, बाटली उचलली, घटाघटा प्याला,
आणि कोपरा वाचला.
काही बोलला नाही.
पुढच्या शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन हजर.
लिनक्स म्हणला. त्यातलं मिंट.
मी म्हणलं, पुदिना?
"हाव आत्या, पुदिना."
"किती द्यायचे?"
"ह्याला पैसे नसतेत."
"मग कुणाचं हाय हे?"
"कुणाचंच नाही. कुणी एक ओळ लिहिली,
कुणी तिच्यातली चुकी काढली."

फुकट म्हणलं की मला धडकी भरते.
फुकट शिबिर, फुकट साडी, फुकट सिमकार्ड,
मागं कुणीतरी सही घ्यायला उभा असतोच.
मग विरजण आठवलं.
शेजारणीकडून चमचाभर, तिला तिच्या जावेकडून,
मूळ दही कुणाच्या घरचं, कुणी सांगावं.
फक्त दिवेलागणीनंतर देत नाहीत.
बाहेर बघितलं तर मोंढ्यातले दिवे लागलेले.
असू दे म्हणलं, टाक.

चार दिवस प्रिंटर बोलला नाही.
जुन्या पट्ट्या उघडल्या तर सगळी मराठी गेलेली,
हळदीच्या जागी कंस, टक्के, उलटे स्वल्पविराम.
तो फॉन्टही चोरीचाच होता,
हे मला तेव्हा कळलं.
मुदस्सिर दारातूनच म्हणाला,
"बोला था ना ताई, उस के नाद को नक्को लगो."
खरं सांगते, दोनशेची नोट
गल्ल्यात वेगळी काढून ठेवली होती.

पाचव्या रात्री, दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर,
प्रज्ञाशीलनं फोनवरून एक ओळ टाइप करून घेतली.
"आता स्पेस. आता आडवी रेघ.
तेवढी मोठी नाही आत्या, बारकी."
प्रिंटर खाकरला.
कागद आला अंगाला ऊब घेऊन.
कांडी, सात क्विंटल बारा किलो. खर्च वजा.
खर्चावरचा रफार जागच्या जागी.

जुन्या सहाशे पट्ट्या नव्यानं टाइप करायलेय,
रोज दहा, कधी चार, लाइट गेली की शून्य.
बाटली सवयीनं अजून तिथंच.
काल मुदस्सिर आला, पाणी प्याला,
बाटली खाली ठेवताना वाकून बघितलं.
"कुछ नै लिक्खा," म्हणला.
मी पट्टीत मान घालून बसले.
बऱ्याच वेळानं, पाठमोरा, चपला शोधत:
"वो पेनड्राइव्ह है क्या, ताई?
दुकान को नक्को. घर में छोटी के वास्ते."